बाहेर पडण्याचा हक्क

सार्वजनिक इमारतीला आग लागली की राज्यकर्ते तिला ‘दुर्दैवी घटना’ म्हणतात, मदत जाहीर करतात आणि चौकशी समिती नेमतात. परंतु अनेक ठिकाणी बळी जातात ते बाहेर पडण्याची वाट बंद असल्यामुळे. आणि ती वाट कोणीतरी बंद केलेली असते.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जणांचा अंत झाला. तेथे सज्जात जादा खुर्च्या बसवून बाहेर जाण्याचा एक मार्ग अडविण्यात आला होता. २३ मार्च २०१० रोजी कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील जुन्या स्टीफन कोर्ट इमारतीत ४३ जण मृत्युमुखी पडले. तेथे गच्चीच्या दाराला कुलूप होते.

सरकारी इमारतींची स्थितीही निराळी नाही. महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक कायदा केला; २०१२ साली १९५५ मधील मंत्रालयाचीच इमारत पेटली आणि पाच जण दगावले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके प्राणास मुकली. अर्भक जिन्याकडे धावू शकत नाही. रात्रपाळीची परिचारिका हाच त्याचा सुटकेचा मार्ग. असे असताना सेवा कंत्राटी करावयाची आणि अनर्थ घडताच कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवावयाचे, हाच न्याय भंडाऱ्यात दिसला.

कायद्यातच पळवाटा आहेत. महाराष्ट्रात अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे सहामाही प्रमाणपत्र मालक परवानाधारक खाजगी संस्थेकडून घेतो. म्हणजे ज्याची तपासणी व्हावयाची, तोच तपासणाऱ्याला पैसे देतो. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता शिफारशीच्या स्वरूपाची आहे. राज्यांनी स्वीकारल्याखेरीज ती बंधनकारक होत नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत मोडते, परंतु बहुसंख्य नगरपालिकांची तिजोरी रिकामी आहे.

म्हणून तपासणी सरकारी यंत्रणेनेच करावी, तिचा अहवाल इमारतीच्या प्रवेशद्वारी लावावा आणि तपासणीत कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत. रात्रपाळीसह सर्व पाळ्यांत इमारत रिकामी करण्याची कवायत व्हावी. रुग्णालयांत कायम पदे भरावीत. मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली जुन्या इमारतींतील भाडेकरूंना हुसकावून जमिनी बिल्डरांच्या घशात घालण्याचा डाव हाणून पाडला पाहिजे. दुरुस्तीचा भार मालकाने व शासनाने उचलावा.

पक्षशाखांनी व कामगार संघटनांनी आपापल्या गावातील शाळा, रुग्णालये, कचेऱ्या व चित्रपटगृहांचे जिने आणि दरवाजे स्वतः पाहावेत, आढळलेल्या उणिवांची जाहीर नोंद करावी आणि त्या दूर होईपर्यंत लढा चालू ठेवावा.