गोळी पोटात गेली. रक्तात किती उतरली?

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती तालुक्यातील माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापुरातील भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे कोयता हाती घेण्यापूर्वी तेथील मायभगिनींच्या पोटात चहा आणि भाकरीचा तुकडा जातो. आरोग्यसेविकेने दिलेली लोहाची गोळीही त्याच चहाबरोबर गिळली, तर नोंदवहीत तिची नोंद होते, पण रक्तात तिचा अंश फारच थोडा उतरतो.

लोहाचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात होते. चहातील टॅनिनसदृश द्रव्ये लोहाला तेथेच जखडून ठेवतात. दुधातील कॅल्शियम आणि धान्यातील फायटेटही आडवे येतात. याउलट 'क' जीवनसत्त्व लोहाला आतड्याने स्वीकारावे अशा रूपात आणते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने किशोरवयीनांना भाताच्या जेवणासोबत पेरू दिला, तेव्हा लोहाचे शोषण दुपटीहून अधिक झाल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. इंदापूर तालुका तर पेरूच्या बागांचा! बागेतला पेरू शहराच्या बाजारात जातो आणि बांधापलीकडे ऊस तोडणारी स्त्री चहावर दिवस काढते, ही विसंगती कोणाला बोचत कशी नाही?

राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित झालेला 'धनशक्ती' हा लोहसमृद्ध बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रात आला. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शाळकरी मुलांना त्याची भाकरी दिल्यावर चार महिन्यांतच शरीरातील लोहाचा साठा वाढलेला आढळला. अर्थात, उपाय दूरचे नाहीत.

आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले; त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावीच होतो असे नाही, हे खरे. परंतु वाटलेल्या गोळ्यांच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्या यंत्रणेने गोळी कशी घ्यायची हे सांगण्याचे कष्टही घ्यायला हवेत. चहा तास-दीड तास पुढे ढकलावा, गोळीसोबत पेरूची फोड, आवळा किंवा लिंबू असावे, एवढेच तर सांगायचे आहे. खाडा झाला की मजुरी कापली जाणाऱ्या बाईला दवाखाना गाठणे परवडत नाही. म्हणून ते कोपीवर जाऊन, पहाटेच्या चहाआधी सांगावे लागेल. कारखान्यांनी हंगामात कोप्यांवर पेरू पोहोचवले, तर त्याचा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात दिसणारही नाही.