संदेशांची पारख कोणी करावी?

२५ ऑगस्ट २०१५ रोजी अहमदाबादच्या जीएमडीसी मैदानावर पाटीदार आरक्षणासाठी मेळावा झाला, त्यानंतर गुजरातभर हिंसाचार उसळला आणि अफवा रोखण्यासाठी राज्यातील मोबाइल इंटरनेट सुमारे आठवडाभर बंद ठेवण्यात आले. पाटीदारांची दाट वस्ती आणि हिऱ्यांचे कारखाने असलेले सुरतचे कतारगामही त्यातून सुटले नाही. तारेवरून येणारे ब्रॉडबँड मात्र चालू होते. त्यामुळे ज्या शेठच्या कार्यालयात ते होते त्याचा संगणक जगाशी जोडलेला राहिला, आणि घंटीवर, म्हणजे हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या फिरत्या चकतीवर, बसणाऱ्या रत्नकलाकाराचा फोन बोलण्यापुरताच उरला. गुजरात उच्च न्यायालयाने त्याच सप्टेंबरात ही बंदी कलम १४४ खाली वैध ठरवली.

या बंदीमागचा पूर्वपक्ष असा की, सामान्य माणसाला खरे-खोटे कळत नाही, म्हणून ते वरून कोणीतरी ठरवावे. हा पक्ष अगदीच निराधार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण अशा मर्यादेने संदेशाचा वेग तेवढा कमी होतो, आणि खरा इशाराही खोट्याइतकाच रखडतो.

शिवाय वरून ठरवणारा कोण, हा प्रश्न उरतोच. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून केंद्र सरकारच्याच कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी तथ्यपडताळणी कक्षाला देऊ केला, म्हणजे पक्षकारालाच न्यायासनावर बसवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. कंपनीवर विसंबावे, तर तिचा फायदा वापरकर्ता अधिक वेळ खिळून राहण्यात आहे, आणि ती काय गाळते व काय पुढे ढकलते हे वापरकर्त्याला दिसतही नाही.

म्हणून संदेश वाहून नेणारा आणि त्याची पारख करणारा हे दोघे वेगळे असावेत, आणि पारखी निवडण्याचा हक्क वापरकर्त्याचा असावा. कतारगामला हे समजावून सांगावे लागू नये. तिथे पैलू पडलेल्या हिऱ्याची प्रत विक्रेत्याच्या शब्दावर ठरत नाही, जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहिले जाते, आणि कोणत्या प्रयोगशाळेवर किती भरवसा ठेवायचा हे घेणारा ठरवतो. त्याचप्रमाणे एखादी तथ्यपडताळणी संस्था, दैनिक किंवा डॉक्टरांची संघटना संदेशांवर शेरे नोंदवील, आणि कोणाचे शेरे पाहायचे व कोणाच्या शेऱ्यावरून संदेश झाकायचा हे वापरकर्ता ठरवील. ही कल्पना हवेतली नाही. ई-मेलमध्ये नकोशा जाहिराती धाडणाऱ्यांच्या याद्या १९९७ पासून निघत आहेत, आणि कोणती यादी मानायची हे प्रत्येक मेल-सर्व्हरचा चालक ठरवतो. ब्लूस्कायने मार्च २०२४ पासून अशी निवड थेट वापरकर्त्याला दिली. भारतातही १९०९ या क्रमांकावर कोणत्या प्रकारच्या जाहिराती नकोत हे कळवता येते, परंतु तिथे प्रकार निवडता येतो, पारखी नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कूटबद्ध, म्हणजे दोन टोकांखेरीज कोणालाही न वाचता येणारे, असल्याने ही पडताळणी वापरकर्त्याच्या फोनमध्येच व्हावी लागेल, आणि त्यासाठी कंपनीने दार उघडले पाहिजे.

लोक आपल्या मताचाच पारखी निवडतील, हा आक्षेप खरा आहे. पण आजही ते आपापल्या गटांत कोंडलेलेच आहेत, फरक एवढाच की निवडलेला पारखी बदलता येतो. राईनपाड्याचा आक्षेप याहून जड आहे, कारण तिथे जे मेले त्यांनी कोणतीच गाळणी निवडली नव्हती. तेथे गाळणी पुरणार नाही. चिथावणीला फौजदारी कायदाच हवा, आणि तो चिथावणी देणाऱ्यावर चालावा, अख्ख्या कतारगामवर नव्हे.

२०२४ च्या नियमांनुसार सरकारला एका आदेशाने दूरसंचार सेवा १५ दिवसांपर्यंत बंद ठेवता येते. वापरकर्त्याला आपला पारखी निवडू देण्याचे बंधन मात्र कंपन्यांवर कोणत्याही नियमाने घातलेले नाही.