खेळ बेरजेचा की वजाबाकीचा?

नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या एखाद्या गावात बांधाला बांध लागून दोन शेतकरी आहेत, अशी कल्पना करावी. दोघांच्या विहिरींचे भूजल एकच. दोघांनी बेताने उपसा केला तर उन्हाळा निभावतो. परंतु ‘मी थांबलो आणि शेजाऱ्याने उपसले तर?’ ही शंका दोघांनाही रात्रभर पंप चालवायला लावते आणि चैत्रातच दोन्ही विहिरी तळ गाठतात. दोघेही दुष्ट नाहीत, मूर्खही नाहीत. तरी दोघेही बुडतात.

‘गेम थिअरी’ या गणितशास्त्रात या कोड्याला कैद्यांचा पेच म्हणतात. संघर्ष आणि सहकार्य यांची उकल याच शास्त्राने केल्याबद्दल रॉबर्ट ऑमन व थॉमस शेलिंग यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. समाज म्हणजे निव्वळ वर्गसंघर्षाचे रणांगण, असे मानणाऱ्यांनी या शास्त्राचा एक निष्कर्ष अवश्य ध्यानात घ्यावा. प्रत्येक खेळात एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी नसते. आणि तेच खेळाडू पुनःपुन्हा समोरासमोर येणार असतील, तर विश्वास राखणे हेच शहाणपणाचे ठरते.

याचे प्रत्यंतर शेजारच्या धुळे जिल्ह्यातील बारीपाड्यात येते. साक्री तालुक्यातील या वनवासी पाड्याचे जंगल उजाड झाले होते. ‘मी न तोडले तरी दुसरा तोडणारच’ हा तोच पेच. चैत्राम पवार यांनी वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने ग्रामस्थांना एकत्र आणले. गावाने स्वतःच नियम केले, राखणदार नेमले, तोडणाऱ्यास दंड ठरवला. चारशे हेक्टरांहून अधिक वन पुन्हा उभे राहिले. २०२५ साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

निवडणुकीत जागा एकच असते. तेथे एक जिंकतो, बाकीचे हरतात. हा वजाबाकीचा खेळ मतदानाबरोबर संपायला हवा. दुर्दैवाने जात विरुद्ध जात, वनवासी विरुद्ध नगरवासी अशी मांडणी करून तो वर्षभर गावागावांत खेळवला जातो.

त्यावर केवळ एकतेची आवाहने हा उपाय नव्हे, हे कार्यकर्त्यांनीही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. बारीपाड्यात सद्भावनेला नियमाची आणि नियमाला दंडाची जोड होती. तो दंडही बाहेरून लादलेला नव्हता, गावाने स्वतःवर घातलेला होता. समरसता भाषणातून रुजत नाही. आपण थांबलो तर शेजारीही थांबेल, ही खात्री जेथे निर्माण होते, तेथेच ती रुजते.