‘नको’ म्हणायचं बटण कुठंय?

लंच अवरमधली दहा मिनिटं. साबुदाणा वडा तेलात का फुटतो, एवढंच बघायचं असतं. रेसिपीची पहिली ओळ वाचून होत नाही तोच स्क्रीन काळवंडते आणि मधोमध चौकोन येतो, ‘आमचं न्यूजलेटर सबस्क्राइब करा!’ तो घालवला की खालून कुकीजची पट्टी. ती हटवली की वरून ‘नोटिफिकेशन्स हव्यात का?’ आणि मग ‘अ‍ॅप डाउनलोड करा, आणखी छान अनुभव घ्या’. अहो, आधी हा अनुभव तर घेऊ द्या!

गंमत म्हणजे पॉपअपचा जन्म चांगल्या हेतूने झाला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ट्रायपॉड नावाची साइट होती. कुणीही यावं, फुकटात स्वतःचं वेबपेज बनवावं. पैसा जाहिरातींचा. एकदा एका बड्या कार कंपनीची जाहिरात भलत्याच ‘प्रौढ’ पानावर झळकली आणि कंपनी भडकली. तेव्हा तिथल्या ईथन झुकरमन यांनी तोडगा काढला: जाहिरात पानावर नकोच, ती वेगळ्या खिडकीत उघडू दे. म्हणजे पानाचा आणि कंपनीचा संबंध जोडला जाणार नाही. झुकरमन यांनी २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मधल्या लेखात या शोधाबद्दल चक्क माफी मागितली. हेतू कंपनीची अब्रू राखण्याचा होता. वाचणाऱ्याला काय वाटेल, हा प्रश्न त्यात नव्हताच.

पुढचं तुमच्या दादा-ताईंना विचारा. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे भरायचे आणि त्यातला अर्धा वेळ खिडक्या बंद करण्यात घालवायचा. वेब डिझाइनमधलं मोठं नाव असलेल्या जेकब नील्सन यांनी २००४ मध्ये लोकांना न आवडणाऱ्या जाहिरातींची यादी छापली. समोर येऊन उभा राहणारा पॉपअप त्यात अव्वल, १०० पैकी ९५ जणांना नकोसा. त्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर इंटरनेट एक्स्प्लोररलाही पॉपअप ब्लॉकर मिळाला. मोझिला आणि ऑपेराने तो आधीच दिला होता. सुटलो बुवा, असं वाटलं.

पण कसचं काय! ब्लॉकर अडवतो ती वेगळी खिडकी. तुम्ही क्लिक न करता उघडू पाहणारी. आजचा चौकोन खिडकी नसतोच, तो पानाच्याच कोडमधला एक थर असतो. ब्राउझरला मजकूर आणि हा थर सहजी वेगळे ओळखता येत नाहीत. चोर घरातलाच निघाला, तर वॉचमन काय करणार?

आता म्हणाल, साइटवाल्यांनी पोट कसं भरायचं? मान्य. मीही अशाच साइट्ससाठी लिहिते, माझं मानधन कुठून येतं ते मला ठाऊक आहे. पण पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात जा. ‘या ताई, बघायला पैसे पडत नाहीत’ म्हणून गादीवर बसवतात, ढीगभर साड्या उलगडतात. फोन नंबर मागतात तो बिल करताना. दारातच कुणी वही घेऊन आडवं उभं राहिलं, तर तुम्ही शेजारच्या दुकानात जाल. मग वेबसाइटवर हेच का चालतं? माझ्या मते कारण साधं आहे. चौकोनात ईमेल टाकणाऱ्यांचा आकडा सोमवारच्या मीटिंगमध्ये ग्राफ बनून झळकतो. वैतागून गेलेला मात्र का गेला, हे सांगायला थांबत नाही.

आणि प्रश्न वैतागापुरताच राहिलेला नाही. माझ्या आईने कुठल्याशा आरतीसंग्रहाच्या साइटवर ‘अलाउ’ दाबलं. का? तर ‘ते दाबल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत’ अशी तिची पक्की समजूत. दुसऱ्या दिवसापासून तिच्या फोनवर ‘तुमच्या मोबाइलमध्ये ३ व्हायरस’ असल्या नोटिफिकेशन्स सुरू. त्यातल्या एकीवर तिने टॅप करून कार्डाचा नंबर टाकला असता तर? दिवसभर निरर्थक चौकोनांना ‘हो’ म्हणायची सवय लागली, की खरोखर विचार करून उत्तर द्यायच्या चौकोनालाही बोट तेच उत्तर देतं.

आपल्याकडे कायद्याने याची दखल घेतली आहे बरं का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न्स’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि १३ प्रकार नावानिशी नोंदवले. त्यातला एक ‘नॅगिंग’, म्हणजे आपली भुणभुण: अ‍ॅप डाउनलोड करा म्हणून पुन्हा पुन्हा विचारणं, ‘नाही’ म्हणायची सोय न ठेवता नोटिफिकेशन्स किंवा कुकीजसाठी मागे लागणं. दुसरा ‘कन्फर्म शेमिंग’. विमानाच्या तिकिटाबरोबर इन्शुरन्स नको असेल, तर ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा अर्थाच्या पर्यायावर टिक करायला लावणं. नको म्हणणाऱ्याला बावळट ठरवायचा फंडा! (‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत’ हे बटण मी स्वतः दाबलंय. चांगलं जोरात.)

तुमच्यापैकी कुणी डिझाइन किंवा मार्केटिंगमध्ये असाल, तर पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच मागा: चौकोन लेख वाचून झाल्यावर येऊ दे, ‘नको’चं बटण ‘हो’एवढंच मोठं असू दे आणि एकदा नको म्हटलेल्याला महिनाभर तरी पुन्हा विचारू नका. बॉस कुरकुरला तर त्याला सांगा, मोबाइलवर सर्चमधून आलेल्या वाचकाचा मजकूर झाकणारी पानं खाली घसरू शकतात, हा गूगलचा नियम जानेवारी २०१७ पासूनचा आहे. बॉसलोकांना गूगलची भाषा चटकन कळते.

बाकीच्यांनी आज घरी गेल्यावर आई-बाबांचा फोन मागून घ्या. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथली ‘अलाउड’ची यादी एकदा वाचा. आईच्या फोनमध्ये २३ साइट्स निघाल्या. त्यातली एकही तिला आठवत नव्हती.