गाळाचा जमाखर्च

हवामान कृती आराखडा म्हटले की मुंबईचे नाव निघते. मुंबई महापालिकेने तो मार्च 2022 मध्ये जाहीर केला आणि 2050 पर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे ठरवले. बुलढाणा जिल्ह्यात हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, पैसा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीत नळयोजनेचे वीजबिल भागवताना ज्या ग्रामपंचायतीची दमछाक होते, तिला कार्बनचे तक्ते भरायला लावणे ही थट्टाच.

पण आराखडा नसल्याचाही खर्च असतो. जुलै 2023 च्या अतिवृष्टीत जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांतली शेते खरडून गेली. अशा वेळी पंचनामे महसूल खात्याचे, मदत राज्य सरकारची, वाहून गेलेला रपटा बांधकाम खात्याचा आणि उरलेला तोटा शेतकऱ्याचा. नुकसान इतक्या वह्यांत विखुरते की बेरीज कुणीच करत नाही. बंधाऱ्याचे अंदाजपत्रक मात्र एकाच कागदावर असते, म्हणून ते महाग वाटते.

खर्च आणि लाभ एकत्र मांडण्याचा हिशेब जिल्ह्याला नवा नाही. महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतली माती घ्यायची, म्हणजे रस्त्याला मुरूम आणि तलावाला खोली, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ इथलाच. 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेची यंत्रेही गाळ काढायला उतरली. भाड्याची ट्रॉली लावणारा शेतकरी आधी मूठभर गाळ चुरून बघतो. वाळू जास्त लागली तर ट्रॉली भरतच नाही. खर्च-लाभाचे याहून चोख विश्लेषण कोणता सल्लागार करणार?

सरकारी कामात नेमके हे चुरून बघणे राहते. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळीवर फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका ‘कॅग’ने 2020 मध्ये ठेवला.

पाऊस-पिकांचे भाकीत सांगणाऱ्या, जिल्ह्यातल्याच भेंडवळच्या घटमांडणीवर कुणी विश्वास ठेवो न ठेवो. तिथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी धान्य मांडतात आणि पहाटे ते किती हलले ते बघतात. आधी काय होते, हे ठाऊक असते. नाला खोलीकरणाआधी शेजारच्या विहिरीचे पाणी किती हात होते, हे किती ग्रामपंचायतींच्या दप्तरात सापडेल?

तेव्हा नवा गुळगुळीत अहवाल नको. गावाचा विकास आराखडा दरवर्षी होतोच. त्यात प्रत्येक कामापुढे दोन रकाने वाढवावेत: गेल्या पाच वर्षांत इथे काय वाहून गेले, आणि कामाआधी विहिरीत किती पाणी होते. दुसऱ्या रकान्याला लागतो एक दोर आणि एक दगड.