खूण आणि कसोटी

गेल्या रविवारी जे. पी. नगरातील एका स्नेह्यांकडे आम्ही चारपाच मराठी कुटुंबे जमलो होतो. बोलता बोलता विषय मुंजीवर आणि तेथून सुंतेवर गेला. एका सुशिक्षित गृहस्थांनी ठणकावून सांगितले, की अशी शारीरिक चिन्हे हा निव्वळ अडाणीपणा होय. ज्यूंनी सुंता कवटाळली म्हणून ते मूठभर राहिले, पौलाने ती झुगारली म्हणून ख्रिस्ती धर्म जगभर पसरला. श्रोत्यांनी माना डोलावल्या. आम्हांस हे म्हणणे अर्धवट वाटते, आणि अर्धवट असल्यामुळेच घातक वाटते.

प्रथम पौलाविषयी. पौल स्वतः आठव्या दिवशी सुंता झालेला ज्यू होता. येशूचीही सुंता आठव्याच दिवशी झाली. ज्या १ जानेवारीस आपण नववर्षाच्या शुभेच्छा देतो, तो दिवस ख्रिस्ती पंचांगात शतकानुशतके त्या सुंतेचा सण होता. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत जो वाद झाला, तो ज्यूंनी सुंता सोडावी की काय, असा नव्हताच. परजातीयांतून आलेल्या नव्या बंधूंवर ती लादावी काय, एवढाच प्रश्न होता. आणि लादू नये, असा निर्णय झाला. म्हणूनच ग्रीक तीतावर सुंतेची सक्ती पौलाने होऊ दिली नाही, पण ज्यू मातेच्या पोटी जन्मलेल्या तीमथ्याची मात्र त्याने करविली. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांना पौल कळलाच नाही. त्याचे भांडण खुणेशी नव्हते. खुणेची कसोटी करणाऱ्यांशी होते.

आता त्या 'अडाणी' खुणेविषयी. इ. स. पूर्व १६७ मध्ये अंतियोख राजाने सुंतेवर बंदी घातली, तेव्हा मुलांची सुंता करविणाऱ्या मातांना देहदंड झाला. तरी सुंता थांबली नाही. इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल पाहा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा आहे. हिब्रू भाषा गेली, ग्रंथ गेले, धर्मगुरू उरला नाही. ते मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले, किहीमकर, पेणकर, रोहेकर झाले. उरले ते थोडे: आठव्या दिवसाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याचे काही निर्बंध आणि 'शेमा' या प्रार्थनेचे बोल. शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सुंता तर कोकणी मुसलमानांतही होती. पण आठवा दिवस मात्र यांचाच. त्या एका दिवसाच्या हिशेबात एका समाजाची स्मृती शाबूत राहिली.

पण कथा येथे संपत नाही. ज्यांनी शतकानुशतके ही खूण जपली, तेच इस्रायलला गेल्यावर तेथील धर्माधिकाऱ्यांनी १९६२ साली विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला. खूण होती, तरी ती पुरेना! निदर्शने झाली, १९६४ साली तेथील संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले, आणि मग तो हुकूम बदलला. कसोटी लावणाऱ्याचे समाधान कोणत्याही खुणेने होत नाही, हाच याचा अर्थ.

आम्ही सरकारी कारकून. शिक्क्याचे मोल आम्हांस कळते, आणि शिक्का दाखवूनही ताटकळणाऱ्या माणसाचा चेहराही रोज दिसतो. म्हणून आमचे म्हणणे इतकेच: परमुलखात ज्याला आपल्या मुलाची मुंज करावयाची त्याने ती खुशाल करावी, तिला हसणे हा शहाणपणा नव्हे. पण जानव्यावरून मराठीपण ठरवू लागाल, तर ज्यांच्या घरी मुंज कधीच नव्हती अशा बहुसंख्य मराठी माणसांना आणि यच्चयावत् मराठी स्त्रियांना दाराबाहेर उभे करावे लागेल. खूण घरात असावी. तिचा उंबरठ्यावर पहारा बसवू नये.