‘वीस एक’ म्हणजे किती?

संख्यावाचक शब्द हे गणिताच्या मालकीचे आहेत, व्याकरणाला त्यांत बोलण्याचा अधिकार नाहीं, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत दृढ होऊन बसली आहे. २०१९ सालीं बालभारतीचें इयत्ता दुसरीचें नवें गणित आलें, आणि त्यांत ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असें वाचन दिलेलें दिसलें, तेव्हां जो गदारोळ उठला त्यांत ही समजूत उभय पक्षांनीं सारख्याच निष्ठेनें पाळली. सुधारकांनीं गणिताची सोय पाहिली. विरोधकांनीं अस्मितेचा शंख फुंकला, व थट्टा विधिमंडळापर्यंत पोहोंचविली. व्याकरणाला मात्र कोणी साक्षीस बोलाविलें नाहीं. ती साक्ष आज आम्ही नोंदवूं इच्छितों.

प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. गणित-समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर या स्वतः गणिती होत्या, व त्यांचा हेतु मुलांच्या मनांतील गणिताची भीति कमी करण्याचा होता, याविषयीं शंका घेणें हा कृतघ्नपणा होय. मराठींत एककाचा आंकडा आधीं उच्चारतात. लिहितांना मात्र दशकाचा आधीं येतो. ‘पंचवीस’ ऐकून ‘५२’ लिहिणारें मूल मूर्ख नसतें. तें आपल्या कानाशीं इमान राखीत असतें. ‘त्रेसष्ट’, ‘अठ्ठ्याहत्तर’ यांतलीं जोडाक्षरें सात वर्षांच्या जिभेला जड जातात. कानडी, तेलुगु, तमिळ व इंग्रजी या भाषा वीसच्या पुढें दशक आधीं बोलतात, हेंहि खरें. एवढें सर्व आम्हांस मान्य आहे.

परंतु आमच्या मांजर्लीस शेजारच्या घरीं घडलेला एक प्रसंग ऐका. दुसरींतल्या नातीला आजीनें पाटींतले आंबे मोजावयास सांगितले. मुलीनें मोजून उत्तर दिलें, “वीस एक आंबे आहेत.” आजी म्हणाली, “अग, अंदाजानें नको सांगूं, नीट मोज.” मुलीनें पुन्हां मोजले आणि पुन्हां तेंच सांगितलें. तिसऱ्या खेपेस ती रडकुंडीस आली. मौज ही, कीं दोघींचेंहि बरोबर होतें.

मराठींत दशकाच्या मागें ‘एक’ लागला कीं तो बेरीज करीत नाहीं, अदमास सांगतो. वीसेक माणसें, पन्नासेक रुपये, शंभरएक पावलें. येथें ‘एक’ हा शब्द राहिलेला नसून प्रत्यय झालेला आहे. ती जागा त्यानें पूर्वींच अडविलेली आहे. ‘वीस’नंतर किंचित् थांबून मग ‘एक’ म्हणावें, असें कोणी सुचवील. पण ज्या वाचनाला श्वासाचा टेकू लागतो, तें कागदावर लंगडेंच पडावयाचें.

दुसरी अडचण वचनाची. ‘एक’ आला कीं नाम एकवचनीं येतें: एक आंबा, एका आंब्याला. ‘एकवीस’मध्यें हा ‘एक’ शब्दाच्या पोटांत बंदिस्त असतो, म्हणून नाम निर्धास्तपणें अनेकवचनीं जातें: एकवीस आंबे, एकवीस आंब्यांना. ‘वीस एक’ म्हणतांच तो मोकळा सुटून नामाच्या शेजारीं येऊन बसतो. मग ‘वीस एका मुलाला’ म्हणावें, कीं ‘वीस एक मुलांना’?

हा तंटा केवळ ‘एक’पुरताच आहे असें म्हणाल, तर क्रमवाचकांकडे पाहा. बाविसावा, त्रेचाळिसावा, चौसष्टावा: सगळ्यांना एकच ‘वा’ पुरतो. शब्द सुटे केल्यावर ‘वीस दोनावा’ म्हणावयाचें, कीं ‘वीस दुसरा’? सुट्या दोनाचें क्रमवाचक रूप ‘दुसरा’ आहे. ‘दोनावा’ मराठीला ठाऊक नाहीं. कानडींत हा प्रश्न उद्भवत नाहीं, कारण ‘इप्पत्तु’ व ‘ओंदु’ मिळून ‘इप्पत्तोंदु’ असा एकजीव शब्द झालेला असतो व प्रत्यय त्याच्या शेवटास निमूटपणें लागतो. शेजारच्या अंगणांतलें फूल आणतां येतें. मुळें आणतां येत नाहींत.

निव्वळ रचलेल्या भाषेचाहि एक मासला पाहा. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन चित्रपटमालेसाठीं मार्क ओक्रांड या भाषाशास्त्रज्ञानें ‘क्लिंगॉन’ नामक भाषा घडविली. तिचा कोश १९८५ सालीं निघाला. तींत दोनाला ‘चा’ व एकाला ‘वा’ म्हणतात, आणि दहाच्या पटीसाठीं ‘माख’ जोडतात. म्हणून एकवीस म्हणजे ‘चामाख वा’. क्रमवाचक करावयाचें तर शेवटीं ‘डिच’ लावला कीं झालें. संख्या आली असतां नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लावण्याचीहि सक्ती नाहीं. हा साधेपणा त्या भाषेला शोभतो, कारण संख्या, नाम व प्रत्यय हे तिन्ही एकाच शिंप्यानें एकाच ठाणांतून बेतले. आणि तरीहि त्या रचनाकारानें आपल्या लढवय्यांना भूतकाळ दिला: ते पूर्वीं तिनाच्या पटींत मोजीत, दशमान मागाहून आलें! ज्या भाषेला इतिहास नव्हता तिला तो कल्पून द्यावा लागला. आम्हांस तो आयता लाभला आहे, आणि आम्ही तो ओझें म्हणून उतरवावयास निघालों आहों.

यावरून जुनें तेवढें सोनें म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसलों असें मात्र कोणी समजूं नये. ‘एकोणनव्वद’ आहे तर ‘एकोणशंभर’ कां नाहीं, ‘नव्व्याण्णव’ कां, असें विचारणाऱ्या मुलाला दटावून गप्प बसविणारा शिक्षक मराठीचा कैवारी नव्हे. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव हें एक घराणें आहे. संस्कृतांतील दोनाचाच तो वंश. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट हें दुसरें घराणें. हीं घराणीं मुलांना ओळखूं द्या. निम्मी घोकंपट्टी आपोआप सुटेल. आणि फोड करावयाची तर ‘वीस आणि दोन म्हणजे बावीस’ अशी पुरी करा. ‘आणि’ हें चिमुकलें अव्यय राहिलें तर तें संख्येचें स्पष्टीकरण होतें. तें गाळून उरलेल्या तुकड्यांनाच संख्येचें नांव म्हणणें, ही खरी चूक आहे.

आमच्या शेजारच्या त्या मुलीनें अखेर काय केलें? तिनें पाटींतून एक आंबा उचलून निराळा ठेवला आणि म्हणाली, “हे वीस, आणि हा एक.”

“मग एकवीस म्हण कीं,” आजी म्हणाली.